चण्याच्या पुडीवरचा पत्ता

"पाली-उत्तनकडचं कोणी माझ्याबद्दल विचारलं ना बाय, तर 'माहीत न्हाय' बोल. हसून नको, रडून नको, नुसतं 'माहीत न्हाय'. आणि माझा नवरा, मेल्विन, स्वतः भेटला तर लांबूनच निघून जा. चर्चात लय गोड असतो तो."

मॅबेल हे सांगत होती तेव्हा जॉयस लवूच्या काखेत थर्मामीटर धरून घड्याळाकडे बघत होती. "हो गं, हो," ती म्हणाली. मनात मात्र म्हणाली, हिला स्वतःची केवढी किंमत! जसं काही अख्खं पाली गाव कामधंदा सोडून हिला शोधायला निघालंय.

हे चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधलं. जॉयस मूळची पालीजवळच्या तारोडीची, बी.ए. झालेली, तेही मानसशास्त्र घेऊन. लग्न झाल्यावर मायकेलबरोबर भायंदरच्या जेसल पार्कला खाडीच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. मायकेल फोर्टात विम्याच्या ऑफिसात. सकाळी आठला जायचा तो रात्री आठला यायचा. मधल्या बारा तासांत घरात जॉयस, अडीच वर्षांची लवीना, आणि जॉयसची काळजी. लवू वर्षाची असताना तापात तिला आकडी आली होती. तीन मिनिटांचंच ते प्रकरण, डॉक्टर म्हणाले पुष्कळ मुलांना येते. पण त्या तीन मिनिटांनी जॉयसच्या आयुष्यात जो मुक्काम ठोकला तो ठोकलाच. दाराला साखळी आली, भिंग आलं, पाणी दोनदा उकळायला लागलं, आणि झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची सवय लागली. प्रार्थनाही ती यादी करून करायची. ताप, खोकला, जिना, गॅस, मायकेलचा प्रवास, पुन्हा ताप.

समोरच्या एका खोलीत मॅबेल भाड्याने आली तो दिवस जॉयसला आठवत होता, कारण त्या दिवशी लवू पहिल्यांदा परक्या माणसाच्या कडेवर गेली. मॅबेल बत्तीसेक वर्षांची, पालीच्या कोळ्यांतली, भायंदरच्या स्टीलच्या गाळ्यात वाट्या पॅक करायला जायची. डावं मनगट वाकडं, हाड सांधलं होतं तिथे सुपारीएवढी गाठ. जिना चढताना मोठ्याने गाणं म्हणायची, आणि हसायची तर तळमजल्यापर्यंत ऐकू जायचं. खोलीत पंखा नव्हता, तरी पाठ टेकली की झोपायची. जॉयसला पंखा, गादी, नवरा सगळं असून झोप नव्हती.

दर बुधवारी दुपारी जॉयसच्या हॉलमध्ये प्रार्थनेला आठ-दहा बायका जमायच्या. हॉल जॉयसचा, सरबत जॉयसचं, शास्त्रवाचनही जॉयसचंच, कारण तिचे उच्चार स्वच्छ. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मॅबेल आली, आणि दुसऱ्याच बुधवारी तिने उभं राहून साक्ष दिली.

"दहा वर्सं मार खाल्ला," ती म्हणाली, जसं कोणी सांगतं की दहा वर्षं त्या चाळीत राहिलो. "शेवटच्या टायमाला चार महिन्यांचं पोटात व्हतं. ते गेलं, मनगट मोडलं. इस्पितळात प्लास्टर सुकत व्हतं. बाजूच्या खाटेवर एक म्हातारी. मी बोलली, मावशी, मना जपमाळपन धरता येत न्हाय. ती बोलली, तू नुसती पडून रहा, मनी मी ओढते. तवा माझ्या डोक्यात आलं, क्रुसावर त्याचेपन हात हलत नव्हते. तो माझ्यासारखाच पडला व्हता, आणि मनाच बघत व्हता. मी एकटी नव्हतीच कधी. बस. प्लास्टर निघालं, आणि मी पालीची बस पकडली न्हाय."

बायका पदराने डोळे पुसत होत्या. जॉयस सरबताचे ग्लास मोजत होती. तिच्याकडे सांगायला काय होतं? एक ताप, एक आकडी. ती जन्मापासून चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारी, आणि देव बघायला गेला कोणाकडे, तर चार यत्ता शिकलेल्या या बाईकडे! दुसऱ्याच्या सोन्याचा हेवा करणाऱ्या बायका तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. कोणाच्या मोडक्या मनगटाचा हेवा करणारी मात्र तीच पहिली असावी.

त्या दिवसापासून बुधवार मॅबेलचा झाला. कोणाचं दुखलं-खुपलं की बायका तिच्याच हातात हात द्यायच्या. मायकेलसुद्धा एकदा तिने दिलेलं बोंबलाचं कालवण चाटूनपुसून खाताना म्हणाला, "हिच्या हाताला काय चव आहे!" जॉयसने त्याच्या पुढचं भांडं उचललं. "संपलं," म्हणाली. संपलं नव्हतं.

आणि या बाईवर रागवायचीही सोय नव्हती. ती जॉयसकडेच वाचायला शिकत होती. जॉयस दोनशेपानी वहीत मोठ्या अक्षरांत गाणी लिहून द्यायची आणि मॅबेल बोट ठेवून एकेक अक्षर लावायची. एकदा जॉयसची प्रार्थना ऐकून तिने विचारलं, "बाय, तू प्रार्थना करतेस की देवाची हजेरी घेतेस?" आणि खदाखदा हसली. जॉयसही हसली. त्या रात्री तिला ते वाक्य काट्यासारखं टोचत राहिलं.

दुर्गाकाकूंच्या मात्र सगळं लक्षात येत होतं. त्या गिरगावातून आलेल्या, शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या. त्यांचा देव वेगळा, पण नजर सगळ्यांवर सारखी. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "जॉयस, ती बाई हसली की तुझं तोंड लिंबू पिळल्यासारखं होतं गं."

"काहीतरीच काय, काकू!"

"बरं, काहीतरीच. लिंबूच असेल."

मेच्या पहिल्या आठवड्यात लवूला पुन्हा ताप आला. एकशे एक. जॉयसने तिला घेतलं तर ती किंचाळून मागे अंग टाकायला लागली. मॅबेल गाळ्यावरून येत होती, तिने हात पुढे केले. लवू तिच्या खांद्यावर मान टाकून दोन मिनिटांत गप्प झाली. आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, "आई."

मॅबेलने नुसतं डोळे मिटून पोरीच्या केसांवर गाल टेकला. जॉयस हातात ओल्या पट्ट्या घेऊन उभी होती. पट्टीचं पाणी तिच्या पायावर टपटप पडत होतं.

ताप उतरल्यावर ती लवूला घेऊन माहेरी गेली. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, तिथून एस.टी.ने तारोडीला. मे महिन्यात तारोडीत रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढे सगळे जमतात. क्रुसाला अबोलीचा हार घालतात, मेणबत्त्या लावतात आणि पवित्र मरियेची स्तुती गातात. एकाने उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. प्रार्थना संपली की खोबरं घातलेले उकडलेले चणे वाटतात. चणे रोज एका घरचे, पण वाटायचे प्रार्थना उचलणाऱ्याने, स्वतःच्या हाताने. आणि त्या हातचे चणे कोणी नाकारायचे नाहीत, अशी रीत. वर्षभर बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा क्रुसापुढे एकमेकांच्या हातचे चणे खातात आणि भांडण तिथेच मिटलं असं धरतात. नाकारले, तर ते क्रुसादेखत वैर मांडणं.

त्या संध्याकाळी चणे जॉयसच्या माहेरचे होते. आणि प्रार्थना उचलायला उभा राहिला तो मेल्विन.

जॉयसने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं लालबुंद डोळ्यांचा कोणी आडदांड असेल. हा तर सडपातळ, केस पाणी लावून विंचरलेला, गळ्यात जपमाळ. आवाज असा की म्हाताऱ्या बायका गायचं विसरून ऐकत राहिल्या.

"पालीचा मेल्विन," आई कानात पुटपुटली. "सुधारला गो आता. चाळीस दिसांच्या उपासापास्नं बाटलीला शिवला न्हाय. बायको गेली टाकून बिचाऱ्याची."

चणे वाटत तो जॉयससमोर आला. तिने ओंजळीतली कागदाची पुडी पुढे केली. त्याने ती भरली, आणि हात जोडले.

"बाय, तू मायकेलची ना? भायंदरची? मॅबेल तिकडंच हाय असं ऐकलं. मना काय नको. पाय धरून माफी मागायची, बस."

'माहीत न्हाय' हे दोन शब्द जॉयसच्या जिभेवर आले होते. तिथेच अडले. पुडीतले चणे गरम होते, हाताला चटका बसत होता. क्रुसापुढे या माणसाच्या हातचं घेतलंय, आता खोटं कसं बोलायचं, असं ती स्वतःला म्हणाली. लग्न हा संस्कार आहे, नवरा-बायको एकत्र आणणं हे पुण्यच, असंही म्हणाली. बी.ए. झालेल्या बाईला कारणांचा काय तोटा? पण कारणांच्या खाली, अगदी तळाशी, एक शब्द पडला होता. 'आई.' आणि एक इच्छा होती, नखाएवढी. त्या बाईचं हसू एकदा, फक्त एकदा, चेहऱ्यावरून उतरलेलं बघायला मिळावं. बघू तरी, तिचा देव तेव्हा काय करतो ते.

तिने चणे लवूच्या फ्रॉकच्या ओच्यात ओतले, पुडी मांडीवर सरळ केली, पर्समधून पेन काढलं आणि बिल्डिंगचं नाव, मजला, खोली, सगळं लिहून दिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

भायंदरला परतल्यावर दोन दिवस तिने मॅबेलला सांगायचं ठरवलं. दोन्ही दिवस सांगितलं नाही. मॅबेल भेटली की ती पाण्याच्या टाकीबद्दल बोलायची.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार, मॅबेलच्या गाळ्याची सुट्टी. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, दुपारी चारला टँकर आला. लवू मॅबेलला सोडायला तयार नव्हती, म्हणून जॉयस पोरीला तिच्याकडे ठेवून बादल्या घेऊन खाली गेली. दुसरी खेप घेऊन वर आली तर जिन्याच्या वळणावर दारूचा भपका आला. मॅबेलच्या दाराशी पांढरा शर्ट, पाणी लावलेले केस. त्याने मागे वळून बघितलं आणि गोड हसला.

"थँक्यू हां, बाय."

त्याच वेळी आतून दार उघडलं. बादली परत आली असं वाटून उघडलेलं दार. मॅबेलच्या कडेवर लवू. मेल्विनने पाय फटीत घातला. मॅबेलने आधी त्याच्याकडे बघितलं, मग जॉयसकडे. मग तिने लवूला त्याच्या काखेखालून बाहेर दिलं.

"हिला घे. घरात जा. कडी लाव."

जॉयसने लवूला घेतलं. पण ती तिथेच उभी राहिली.

"चल घरी," मेल्विन म्हणाला. "गाव थुकतो माझ्यावर. बायको ठेवता न्हाय आली बोलतात."

"पानी पी आणि जा, मेल्विन."

"मी बदललोय! क्रुसापुढं गातो मी!"

"चांगलं गातोस, पहिल्यापास्नं." मॅबेलचा आवाज थरथरत होता, जॉयसला तो नीट ऐकू येत होता. हसू उतरलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. जॉयसने मागितलं होतं तेच. "मी तुला माफ केलं. ते होऊन गेलं, इस्पितळातच. पन मी येनार न्हाय."

"माफ केलंस तर चल ना!"

"माफी येगळी, मेल्विन. चावी येगळी."

त्याने तिचं डावं मनगट पकडलं, गाठीवरच. मॅबेल गुडघ्यावर आली. तोंडातून एकच शब्द आला, "येशू", तोही हळू, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावा तसा. जॉयस ओरडली. काय ओरडली ते तिलाही कळलं नाही.

मागून दुर्गाकाकू आल्या त्या भरलेल्या बादलीसकट. टँकरच्या रांगेत अर्धा तास उभं राहून मिळवलेली ती बादली त्यांनी अख्खी मेल्विनच्या डोक्यावर ओतली.

"मेल्या! दोन दिवसांचं पाणी घातलं तुझ्यावर! आता तरी शुद्धीवर ये! अहो पाटील, अहो शहाभाई, वर या सगळे!"

जिन्यात पावलं वाजली. खालून सातआठ माणसं येताना दिसली तसा मेल्विन एवढासा झाला. निथळत, भिंत धरत, खाली उतरून गेला. मागे पाण्याचं थारोळं राहिलं, आणि त्यात त्याच्या खिशातून पडलेला एक कागद. शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं.

मॅबेलने तो उचलला. बोट ठेवून, सवयीने, एकेक अक्षर लावलं.

"अक्षर सुंदर हाय तुझं, बाय," ती म्हणाली. "ह्याच अक्षरानं मी वाचायला शिकली."

"तो प्रार्थना उचलत होता गं... चणे त्याच्या हातचे... मला वाटलं खरंच सुधारला..."

"न्हाय. तुला तसं न्हाय वाटलं."

दुर्गाकाकूंनी लवूला जॉयसकडून घेतलं आणि आपल्या घरात नेलं. माणसंही मेल्विनच्या मागे खाली गेली होती. जिन्यात दोघीच राहिल्या.

"लवू तुला आई म्हणाली," जॉयस म्हणाली.

मॅबेलने कागद खाली केला. "एवढंच? अगो, बोलली असतीस तर मी तिला मावशी बोलायला शिकवलं असतं." मग मनगट चोळत म्हणाली, "पन चूक माझीपन हाय. ती बोलली तवा मी कान बंद न्हाय केले. गोड वाटलं मना."

रविवारी पहाटे मॅबेलने ट्रंक आणि गाण्यांची वही उचलली. जॉयस दारातच उभी होती, साखळी काढून.

"कुठे जाणार?"

"तुला माफ केलं, बाय. खरंच केलं, रात्री बसून केलं, सोपं न्हाय गेलं. पन..."

"माफी वेगळी, चावी वेगळी," जॉयसने वाक्य पुरं केलं.

मॅबेल हसली. जिना उतरताना गाणं म्हणाली की नाही, हे जॉयसला आठवत नाही. ती तेव्हा रडत होती.

पुढच्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. दर वेळी तिच्याकडे यादी असायची. या वेळी एकच शब्द होता. "हेवा, फादर."

"कोणाचा?"

"एका बाईचा. देवाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, म्हणून."

जाळीपलीकडून म्हातारा आवाज म्हणाला, "तू त्याला बघायला वेळ दिलास का? की हातात कागद घेऊन वाचतच होतीस?"

जॉयसला हसू आलं, आणि हसता हसता हुंदका. हजेरी घेतेस का, असं कोणीतरी तिला आधीच विचारलं होतं. प्रायश्चित्त म्हणून फादरनी सांगितलं की रोज त्या बाईसाठी प्रार्थना कर. आणि तिला शोधू नकोस.

सप्टेंबरात लवूला पुन्हा ताप आला. एकशे दोन. जॉयसने औषध दिलं, पट्ट्या ठेवल्या, आणि सवयीने यादी सुरू केली. मध्येच थांबली. करण्यासारखं सगळं करून झालं होतं, आता हात रिकामे होते. "माझेही हात हलत नाहीत," एवढंच ती म्हणाली, आणि पलंगाशी नुसती बसली. घड्याळाकडे न बघता. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि कधीपासूनचं बघतंय, असं तिला वाटलं. संध्याकाळी ताप उतरला. तो औषधाने उतरला, त्यात तिला चमत्कार वाटला नाही. चमत्कार हा की दोन तासांत तिने एकदाही पोरीच्या नाकाशी बोट धरलं नव्हतं.

हेवा गेला का? छे. बुधवारी कोणी 'मॅबेल असती तर' म्हणालं की अजून लिंबू पिळलं जातं. फक्त आता ते जॉयसला दुर्गाकाकूंच्या आधी कळतं.

पुढच्या मेमध्ये ती तारोडीला गेली तेव्हा प्रार्थना पुन्हा मेल्विननेच उचलली. आवाज तसाच गोड. चणे वाटत तो तिच्यापुढे आला आणि हळूच म्हणाला, "बाय, आता कुठं हाय ती?" जॉयसने मूठ मिटली. सगळ्या गावादेखत, क्रुसादेखत मिटली. आई चपापली, बायका कुजबुजल्या. "माहीत न्हाय," जॉयस म्हणाली. हसून नाही, रडून नाही. आणि ते खरंही होतं.

म्हणजे तो अजून विचारतोय. आज ना उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात तो गरम चणे ठेवील.

म्हणून जॉयसचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या चाळीत, बिल्डिंगमध्ये, गल्लीत अशी कोणी बाई नवी राहायला आली असेल, डाव्या मनगटावर सुपारीएवढी गाठ, जिना चढताना गाणं म्हणणारी, पोर दिसलं की हात पुढे करणारी, तर एकदा तिचं दार वाजवा. आधी आपलं नाव सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही. कुठून आलात, नवरा कुठे, असलं काही विचारू नका. दाराला आतून कडी नीट बसते का बघा. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर कोणी आहे का बघा. हसते का, तेही बघा.

आणि तिचा पत्ता कोणाला देऊ नका. जॉयसला तर मुळीच नको. फक्त आज, हे वाचून झाल्यावर, एकदा जाऊन बघून या.